केळीच्या सोपटाचा धागा काचेच्या मॅटऐवजी वापरायचाय: बागेतून साच्यापर्यंत

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

मी यावल तालुक्यातला. घरी केळी आहे आणि गेली अकरा वर्षं मी जळगाव एमआयडीसीत फायबरच्या कामात आहे. कूलरच्या बॉड्या, टाक्यांची झाकणं, दुकानांचे बोर्ड. दिवसभर काचेची मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) कापायची, रेझिन म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव लावायचा, रोलर फिरवायचा. संध्याकाळी घरी येईपर्यंत मनगटाला आणि कॉलरच्या कडेला काच टोचत असते, आंघोळ केली तरी जात नाही. आणि घराच्या मागे बघावं तर घड कापलेली खोडं बांधावर ढिगानं सडत पडलेली. काच विकत आणायची, ती टोचवून घ्यायची, आणि घरचा धागा कुजू द्यायचा, हे मला बघवेना. म्हणून दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली. आजवर काय कळलं ते इथं लिहितो. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी चुका दाखवाव्यात.

पहिली शीट पार फसली. जुलैत एकाकडून सोपटाचा, म्हणजे केळीच्या खोडाच्या थरांचा, धागा आणला, बोटभर लांबीचे तुकडे केले, मोल्डवर पसरले आणि नेहमीसारखं पॉलिस्टर रेझिन ओतलं. दुसऱ्या दिवशी शीट काढली तर मोहरीएवढ्या बुडबुड्यांनी भरलेली. हातात धरून वाकवली तर पापडासारखी कडकन मोडली. मोडलेली कड खिडकीपाशी नेऊन नीट पाहिली. एका अर्ध्यातून धाग्यांची टोकं ब्रशच्या केसांसारखी उभी होती आणि समोरच्या अर्ध्यात तेवढीच बारीक गोल भोकं. टोकांवर रेझिनचा कणही नाही. म्हणजे धागा तुटलाच नव्हता, म्यानातून तलवार निघावी तसा निघून आला होता. शीटमध्ये धागा होता, पण तो भार घेत नव्हता.

त्या कडेनं मला पुढचं सगळं शिकवलं.

बुडबुड्यांचं कारण ओल. वनस्पतीचा कुठलाही धागा हवेतली ओल धरून ठेवतो. हाताला कोरडा लागला तरी केळीच्या धाग्यात वजनाच्या साधारण दहा टक्के पाणी असतं, पावसाळ्यात त्याहून जास्त. रेझिन घट्ट होताना तापतं, पाण्याची वाफ होते आणि ती आतच अडकते. काचेला हा त्रास नाही, म्हणून आम्हा फायबरवाल्यांना धागा वाळवायची सवयच नसते. आता मी लेअपच्या (मोल्डवर थर लावायच्या) आधी धागा दोन-अडीच तास ८० अंशाला भट्टीत ठेवतो आणि बाहेर काढल्यावर लगेच वापरतो. चहा प्यायला गेलो तरी परत ओल धरतो, इतका तो हवरा आहे.

दुसरी गोष्ट दिशा. धागे वाटेल तसे पसरले तर त्यांच्या ताठपणाचा साधारण ३/८ भागच शीटला मिळतो, कारण कुठल्याही एका बाजूनं ओढलं तर बाकीचे धागे आडवे पडलेले असतात. तेच धागे एका दिशेत सरळ लावले तर त्या दिशेत त्यांचा पुरा जोर मिळतो. हे वाचल्यावर मी तुकडे करणं बंद केलं. खोडाच्या उंचीएवढा लांब धागा देवानं दिलाय, तो बोटभर का कापायचा?

मग वाटलं, सुताचं कापड विणून घ्यावं. तेही फसलं आणि त्याचं कारण कळायला मला सहा महिने लागले. कापडाच्या सुताला पीळ असतो. पिळानं सूत एकमेकांना धरतं, म्हणून ते मागावर तुटत नाही. पण शीटमध्ये धाग्यांना धरायचं काम रेझिन करतं, तिथं पिळाची गरजच नाही. उलट पिळामुळे प्रत्येक धागा तिरका होतो, ताठपणा घटतो, आणि घट्ट पिळलेल्या सुताच्या गाभ्यात रेझिन शिरत नाही. कापून पाहिलं तर सुताच्या मध्ये कोरडा पांढरा ठिपका दिसायचा. चांगली साडी विणणारं सूत चांगली शीट देत नाही. युरोपात जवसाच्या धाग्यावर बरीच वर्षं हेच काम चाललंय: बिनपिळाचे पट्टे करायचे, ते बारीक दोऱ्यानं नुसते गुंडाळून किंवा टाके घालून धरायचे.

मी हाच प्रकार घरी करतो. पाटावर खिळे ठोकून फणी केली आहे. धागा तिच्यातून तीनदा विंचरायचा, आखूड आणि गाठाळ गळून पडतं, मग चार बोटं रुंदीचा पट्टा पसरून दर वीतभर अंतरावर सुती दोऱ्याचा सैल टाका. असे पट्टे उभे-आडवे लावून केलेली शीट मी मोडली तेव्हा कड वेगळीच होती: धागे तुकड्यातुकड्यांत फाटलेले, टोकांना रेझिन चिकटलेलं. त्या दिवशी जेवणसुद्धा सुचलं नाही.

आता खरं सांगायचं तर केळीचा धागा ताकदीत काचेच्या जवळपास जात नाही. काचेचा ताठपणा सुमारे ७० गिगापास्कल, केळीचा चांगला धागा त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत पोचला तरी खूप. पण काचेची घनता २.५ च्या वर आणि केळीची १.३५ च्या आसपास. त्यात पत्रा वाकण्याचं गणित वेगळं आहे. जाडी दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. म्हणून झाकण, पॅनेल, दाराचा आतला भाग अशा ठिकाणी हलका धागा थोडा जाड वापरून काम भागतं. दाबाच्या टाकीला, शिडीला, माणसाचा जीव ज्यावर टांगलाय अशा कशालाच मी तो वापरणार नाही.

माझं मत असं झालंय की शीट चांगली होणार की वाईट, हे खोड कापल्यापासून दोन दिवसांत बागेतच ठरतं. मोल्डवर मी फार तर ते बिघडवू शकतो. म्हणून धागा काढणाऱ्यांचं ऐकायचंय.

बागायतदार_रावेर

भाऊ, काम चांगलं आहे, पण एक शंका. केळी पोटॅशची केवढी खादाड, ते आपल्याला माहीत आहे. खोडात भरपूर पोटॅश असतं. आमचे आबा खोड बागेतच कापून सरीत आडवं टाकायचे, पुढच्या बागेला तेच खत. तुम्ही खोड उचलून नेलं तर मी पोटॅशची गोणी विकत आणू का? सध्या बरेच जण खोड बांधावर फेकतात किंवा जाळतात ती गोष्ट वेगळी. पण जो नीट कुजवतो त्याला तुम्ही काय सांगाल?

आणि दुसरं, आपल्याकडे मे-जूनात वादळ आलं की निसवलेली बाग एका रात्रीत आडवी होते. तेव्हा त्या खोडाचं काय करायचं हेच कळत नाही. त्याचा धागा निघतो का?

तापीकाठ

आबांचं बरोबर होतं. म्हणूनच खोड बागेबाहेर नेऊ नये असं मला वाटतं. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ते ट्रॅक्टरनं एमआयडीसीत नेणं म्हणजे पाणी वाहणं. यंत्र बागेत न्यायचं. धागा खोडाच्या वजनाच्या एखाद-दुसरा टक्काच निघतो. चोथा आणि रस दोन्ही तिथंच राहतात, आणि पोटॅश त्या रसाबरोबर असतं. नवसारीच्या कृषी विद्यापीठानं तर याच रसाचं द्रवखत तयार केलंय. आम्ही रस चारीत सोडून देतो आणि चोथा कुजवतो. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ झाडं बसतात. आमच्या बागेत मी वजन केलं तेव्हा झाडामागे शंभर ग्रॅमच्या आसपास वाळका धागा आला, म्हणजे एकरी पावणेदोनशे किलोच्या आत-बाहेर. तेवढाच माल बागेतून बाहेर जातो.

वादळात पडलेल्या खोडाचा धागा निघतो, पण घाई करावी लागते. मोडलेल्या जागी आठवड्याभरात सड सुरू होते आणि तेवढा भाग वाया जातो. नुकसानभरपाईची जागा हा धागा घेणार नाही, ते मी कुणालाच सांगणार नाही.

हिरकणी_चोपडा

दादा, तुम्ही बागेचं नाव काढलं म्हणून लिहिते. आमच्या बचत गटात सहाजणी हे काम करतो, तिसरं वर्ष चालू आहे.

पहिल्या वर्षी आमचा सगळा धागा काळपट निघायचा. व्यापारी परत करायचा. आम्हाला वाटायचं खोड जुनं आहे. मग लक्षात आलं की यंत्राची पाती साध्या लोखंडाची होती. केळीच्या चिकात तुरटपणा असतो, तो लोखंडाला लागला की काळा पडतो, तुमच्या साडीवर पडलेला केळीचा डाग जसा मरेपर्यंत जात नाही तसाच. पाती स्टेनलेसची केली आणि धागा निघाल्या निघाल्या साध्या पाण्यात खंगाळायला लागलो, तेव्हा रेशमासारखा पिवळसर पांढरा यायला लागला.

सोपटं वेगळी करणं हे सगळ्यात महत्त्वाचं. बाहेरची दोन-तीन सोपटं राठ, त्यांचा धागा जाड आणि तपकिरी. मधल्यांचा सगळ्यात चांगला, लांब आणि सारखा. अगदी आतल्यांचा मऊ पण कमजोर. गाभा गुरांना. आम्ही तीन पेंढ्या वेगवेगळ्या बांधतो. घाईत एकत्र केल्या की कुणाच्याच कामाच्या राहत नाहीत. तुम्हाला शीटसाठी बाहेरचा हवा की मधला?

वाळवायचं म्हणाल तर आपला एप्रिल-मे. पारा ४४-४५ ला गेला की सावलीत दोरीवर टाकलेला धागा एका दिवसात खडखडीत. उन्हात टाकला तर पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. पावसाळ्यात मात्र तीन तीन दिवस वास मारतो. तुमचा जुलैचा माल त्यामुळेच फसला असणार.

आणि एक गोष्ट या सगळ्यात कुणी लिहीत नाही. यंत्राच्या ड्रमसमोर सोपट हातानं धरून आत ढकलायचं आणि परत ओढायचं असतं. सोपट बुळबुळीत असतं. पहिल्या वर्षी आमच्यातल्या एकीची दोन बोटं थोडक्यात वाचली. आता तोंडाला अरुंद फट असलेली पट्टी बसवून घेतली आहे, हात आत जाऊच शकत नाही. दोघीजणी मिळून दिवसाला आठ-दहा किलो वाळका धागा निघतो. जो कुणी दर ठरवेल त्यानं आधी एक दिवस त्या ड्रमसमोर उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

तापीकाठ

ताई, तुमच्या एका प्रतिसादानं माझं वर्ष वाचलं. मला मधला हवा, आणि तो वेगळा बांधलेला. आजवर मी एकत्र केलेला घेत होतो. एकाच पट्ट्यात राठ आणि मऊ धागा शेजारी असले की ताण सारखा वाटला जात नाही, मऊ आधी तुटतो. माझ्या चाचण्यांचे आकडे एवढे खालीवर का येतात ते आज कळलं.

मूळजी_जेठा_रसायन

रसायनाचा विद्यार्थी म्हणून भर घालतो. धागा रेझिनला चिकटत नाही याचं मूळ असं की धाग्याला पाणी आवडतं आणि रेझिनला आवडत नाही. शिवाय धाग्यावर मेणासारखा थर आणि हेमिसेल्युलोज असतं. कॉस्टिक सोड्याच्या पाच टक्के द्रावणात तास-दीड तास ठेवलं की ते निघतं, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रेझिनला धरायला जागा मिळते. इंग्लंडच्या जॉन मर्सरनं १८५० मध्ये सुती कापडावर याच जातीच्या क्रियेचं पेटंट घेतलं होतं, मर्सराइज्ड कॉटन त्यावरूनच आलं. त्याचं द्रावण बरंच तीव्र असायचं. आपल्याला सौम्यच हवं, जास्त झालं तर सेल्युलोजच खाल्लं जातं आणि धागा कुजल्यासारखा तुटतो. नंतर भरपूर धुऊन शेवटी थोड्या व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा, म्हणजे क्षार उरणार नाही.

हातमोजे, चष्मा लागतातच. आणि ते काळपट खारं पाणी चारीत सोडू नका. जमीन बिघडवून केलेल्या मालाला पर्यावरणपूरक म्हणता येणार नाही. टाकीत साठवून पुढच्या घाण्याला तेच द्रावण ताकद वाढवून परत वापरा.

पांझरा

धुळ्याहून. मना बाप अंबाडीचे दोर वळायचा. त्यामुळे हा धागा वाचून लहानपण आठवलं. अंबाडी कापायची, पेंढ्या बांधून डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. रोज एक काडी काढून पाहायची. साल बोटानं सुटली की त्याच दिवशी बाहेर. दोन दिवस उशीर झाला तर धागा मऊ पडून हातात तुटायचा. मग मांडीवर वळून कासरे, दावी, चऱ्हाटं. पोळ्याला बैलांना नवा कासरा घरचाच असायचा. नायलॉन आलं आणि दहा वर्षांत सगळं संपलं.

तुम्ही केळीपाशीच थांबू नका एवढंच सांगायचंय. कोरडवाहूत अंबाडी येते, बोरू येतो, बांधावर घायपात आहे. साक्री-शिरपूरकडच्या माणसाकडे केळी नाही पण हे सगळं आहे. धागा कधी तयार झाला हे बोटानं ओळखणारी माणसं अजून चार-दोन उरली आहेत, त्यांना विचारा.

चटईवाला_जळगाव

पॉलिस्टरच्या मागे का लागलात? जळगावात प्लास्टिकच्या चटयांचे एवढे कारखाने आहेत, पॉलिप्रॉपिलीनच्या कतरणीचे ढीग निघतात. पीपी १६५ अंशांच्या आसपास वितळतं, काम १८०-१९० ला होतं. धागा २०० च्या वर करपायला लागतो, म्हणजे जेमतेम बसतं. आमच्याकडे एकदा तापमान चढलं तर माल तपकिरी झाला आणि शेडभर जळक्या लाकडाचा वास. नायलॉनमध्ये हे जमणार नाही, त्याला जास्त उष्णता लागते.

पीपी नुसतं घातलं तर चिकटत नाही, मॅलेइक घातलेलं पीपी (धाग्याला धरून ठेवणारं) थोडं मिसळावं लागतं. आणि धागा स्क्रूमधून घातला तर कुटून बारीक होतो, तुमची लांबी आणि दिशा सगळी गेली. त्यापेक्षा पीपीच्या पट्ट्या आणि धाग्याचे पट्टे थरांनी ठेवून गरम प्रेसमध्ये दाबा. रेझिनचा वास नाही, आणि खराब झालेला तुकडा परत वितळवता येतो. प्रेस माझ्याकडे आहे.

मावळती_दिशा

सोपटाचा धागा घ्यायला निघालेल्यांनी जुनी उदाहरणं पाहावीत. पूर्व जर्मनीची ट्राबांट गाडी १९५७ पासून १९९१ पर्यंत बनत होती. तिच्या बॉडीचे पत्रे ड्युरोप्लास्टचे, म्हणजे सोव्हिएत संघातून येणारा वाया गेलेला कापूस आणि फिनॉलिक रेझिन. कापूस! आपल्या खान्देशात जिनिंगमध्ये झाडून टाकतात तसलाच. गंजायचे नाहीत ते पत्रे. पण गाड्या भंगारात गेल्यावर त्यांचं काय करावं हे कुणालाच सुचेना, ते रेझिन वितळत नाही आणि जाळलं तर विषारी धूर. धागा झाडाचा असला म्हणून वस्तू आपोआप चांगली होत नाही, हे त्यातून शिकण्यासारखं.

केळीच्याच कुळातलं उदाहरण हवं तर अबाका. फिलिपिन्समधली केळीची बहीण, तिला खाण्याजोगं फळ नाही, धाग्यासाठीच लावतात. मर्सिडीजनं २००४ च्या सुमारास ए-क्लास गाडीच्या खालच्या बाजूला, सुट्या चाकाच्या खळग्याच्या झाकणाला अबाका आणि पीपी वापरलं. रस्त्यावरचे खडे, चिखल, पाणी सगळं ज्या भागाला लागतं तो भाग. आणि २०१९ मध्ये पोर्शनं शर्यतीच्या एका केमन गाडीची दारं आणि मागचा पंख जवस-भांगेच्या धाग्याचे केले.

हिरकणी_चोपडा

अबाकाला फळ नाही तरी लोक लावतात, आणि आपण फळ घेऊन धागा फेकतो.

बागायतदार_रावेर

पाण्याचं काय पण? टाकीचं झाकण केलं आणि पावसाळ्यात फुगलं तर? आणि वाळवी?

तापीकाठ

हाच प्रश्न मला रात्री झोपू देत नव्हता, म्हणून गेल्या आठवड्यात तपासलं. एकाच शीटचे दोन तुकडे, प्रत्येकी २०० ग्रॅम. एकाच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या, दुसऱ्याच्या कडांना रेझिनचा हात दिला. दोन्ही बादलीत चोवीस तास. उघड्या कडांचा तुकडा २१४ भरला आणि कडेला नखानं दाबलं तर दबत होता. कड बंद केलेला २०३. म्हणजे पाणी पृष्ठभागातून फारसं जात नाही, ते कापलेल्या टोकांतून धाग्याच्या पोकळीतून नळीसारखं आत चढतं. वाळवीलाही तेच दार. तेव्हा नियम असा केला: कापून झाल्यावर, भोक पाडून झाल्यावर, प्रत्येक उघडी कड बंद. एक भोक विसरलं तरी झाकण गेलं. उन्हापाण्यात किती वर्षं टिकेल हे कळण्यासाठी चार तुकडे गच्चीवर ठेवलेत, दोन कड बंद, दोन उघडे. आगीचा प्रश्न वेगळा, बसच्या आत वगैरे वापरायचं तर अग्निरोधक मिसळल्याशिवाय मी देणार नाही.

एकानं निरोपातून विचारलंय की घरी करून पाहू का. पाहा, पण एक लक्षात ठेवा. पॉलिस्टरमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) आधी पूर्ण मिसळायचं, मग हार्डनर (घट्ट करणारं). हे दोन कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. डबेसुद्धा शेजारी ठेवू नका.

चटईवाले भाऊ, तुमची प्रेस वापरायला मिळाली तर पॉलिस्टर सोडायला मी आनंदानं तयार आहे. हिरकणीताई, मधल्या सोपटाच्या पेंढ्या वेगळ्या बांधून किती देऊ शकाल? मला पहिल्या खेपेला पंधरा किलो पुरे, दर तुम्ही सांगाल तो.

हिरकणी_चोपडा

या पंधरवड्यात एक बाग कापणीला आहे. पंधरा किलो होईल. तुम्ही घ्यायला येणार असाल तर सकाळी सातला या, म्हणजे खोड कापताना आणि सोपटं वेगळी करताना स्वतः पाहाल. जुने कपडे घालून या, चिकाचा डाग जात नाही.

चटईवाला_जळगाव

प्रेस रविवारी रिकामी असते. पीपीच्या पट्ट्या मी कापून ठेवतो. पट्ट्यांची रुंदी किती हवी तेवढं कळवा.

तापीकाठ

चार बोटं. सात वाजता पोचतो ताई.